दहा टोपल्या

“इथे करण्यासारखं काय काय आहे?”

खाडीकाठच्या हॉटेलात मी तेवीस वर्षं काढली आणि हा प्रश्न जवळजवळ रोज ऐकला. पाहुणा गाडीतून उतरतो, सामान अजून डिकीत असतं, आणि हा विचारून मोकळा. सुरुवातीला मला रागच यायचा. अहो, समोर एवढी खाडी पसरलीय, पाणी वर येतंय, खाली जातंय, बसा की जरा बघत. पण बसायला कोणी येत नाही. सकाळी गणपतीपुळे, मग मालगुंड, जेवायला आमच्याकडे, उद्या दुपारी परत. शेवटी मालकांनी काउंटरजवळ बोर्डच लावला. होडीतून फेरी, डॉल्फिन, कांदळवनातले पक्षी, गळाने मासेमारी, आणि सगळ्यात खाली, ‘सुमनताईंबरोबर खुबे काढायला चला’. ती सुमनताई मी.

खुबे म्हणजे काय हे घाटावरच्या वाचकांना सांगायला हवं. शिंपल्यातला जीव. ओहोटीला खाडीतली वाळू उघडी पडते, तिच्यात बोटभर खोल तो बसलेला असतो. वर दोन बारीक भोकं दिसतात. नारळाच्या करवंटीने तिथे उकरलं की खुबा हाताला लागतो. आमच्या वाडीतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हे करत आल्या. यात बघण्यासारखं काही आहे हे मला माहीत नव्हतं. मी हॉटेलात लागले ती भाकऱ्या थापायला. एकदा सकाळी खुब्यांची टोपली घेऊन मागच्या दाराने आत शिरत होते, तर मुंबईच्या एक बाई म्हणाल्या, उद्या मला न्याल का? नेलं. त्यांनी चार खुबे काढले आणि असा काही आनंद केला की मालकांच्या डोळ्यांत तेज आलं. झालं, माझ्या भाकऱ्या सुटल्या.

माणसं एकेक नमुना. एका गृहस्थांना मगर बघायची होती. कुठल्या तरी दुसऱ्या खाडीतला व्हिडिओ त्यांनी पाहिलेला. आमच्याकडे मगर नाही म्हटल्यावर तोंड पाडून बसले, जणू मीच ती घरात लपवून ठेवलीय. पुण्याच्या एक बाई खुबे काढायच्या आणि ‘जीव आहे हो त्याला’ म्हणत परत वाळूत सोडायच्या. संध्याकाळी त्याच बाईंनी खुब्यांची आमटी दोनदा मागून घेतली. मी वाढली. वाढपी माणसाने बोलू नये.

हे वाचताना हसू येईल, पण खरं सांगायचं तर या कामात मजा पाहुण्याची आणि धास्ती माझी. मी खाडीत उतरले की माझी एक नजर पाहुण्यांवर आणि एक पाण्यावर. आपल्या बायकांचं काही वाटत नाही, त्यांच्या पायांना पाणी कळतं. शहरातल्या माणसाला वाटतं, पाणी समोरून येतं. खाडीत तसं नसतं. तुम्ही वाळूवर उभे असता, समोर कोरडं, आणि पाठीमागची घळ केव्हाच भरलेली असते.

म्हणून वेळ चुकवायची नाही. वेळ काढायची आमची रीत सोपी आहे. आजची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पाणी भरलं. त्याच्या सहा तास मागेपुढे ओहोटी. पण ही वेळ खाडीच्या तोंडाची. आमचं हॉटेल आत, तिथे पाणी पाऊण तास उशिरा पोचतं. एक इंजिनियर मोबाईल दाखवून माझ्याशी वाद घालत होते की तुमची वेळ चुकतेय. मी म्हटलं, साहेब, तुमच्या मोबाईलमधलं पाणी बंदरात आलंय, त्याला इथवर चालत यायला वेळ लागेल की नाही? त्यांना पटलं नाही. पाण्याने पाऊण तासाने पटवलं.

अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण. तेव्हा पाणी लांबवर आत ओढलं जातं आणि परत येताना धावत येतं. खुबे काढायला हे दिवस सगळ्यात चांगले, आणि भीतीचेही हेच.

आता आमच्या वाडीची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

माणसं मोजू नयेत. मोजलेली माणसं कमी होतात, असं माझी सासू म्हणायची. तिचा एक दीर समुद्रावर गेला तो आला नाही, त्यामुळे ती हे गमतीने म्हणत नसे. मग दहापंधरा बायका खाडीत उतरल्या तर सगळ्या परत आल्या हे कळायचं कसं? टोपल्यांवरून. जिचं काम आटपलं तिने आपली टोपली पाण्याच्या कडेला रांगेत आणून ठेवायची. दुसरीच्या टोपलीला हात लावायचा नाही. आई असो, सून असो, जिची टोपली तिनेच आणायची. रांगेत टोपली आली म्हणजे बाई आली. निघताना रांग मोजायची, तीही ‘एक’ म्हणून सुरू न करता ‘लाभ’ म्हणून. लाभ, दोन, तीन. रांग पुरी झाली की होडी सोडायची. इतक्या वर्षांत या हिशेबात वाडीची बाई मागे राहिली नव्हती.

हॉटेलातही मी तीच रीत चालू केली. प्रत्येक पाहुण्याला एक टोपली, एक करवंटी. पाहुण्यांना वाटायचं, खुब्यांसाठी. ती टोपली म्हणजे त्यांची हजेरी होती, हे त्यांना कोण सांगणार?

पण हॉटेलाने मलाही एक सवय लावली होती. पाहुण्याने टाकलेलं उचलायचं. टॉवेल, चपला, पाण्याची बाटली, पोरांचे फुगे. न बोलता, न विचारता, जाता जाता उचलायचं. या दोन सवयी इतकी वर्षं माझ्या अंगात एकमेकींच्या वाटेला न जाता राहिल्या. त्या एका सकाळी गेल्या.

थंडीचे दिवस होते, मार्गशीर्षातली वद्य तृतीया. तिनाचे पाऊणपट सव्वादोन, म्हणजे समुद्रात ओहोटी सव्वाआठला आणि आमच्याकडे नऊला. उधाण अजून ओसरलेलं नव्हतं. खाडीच्या मध्ये आमच्या हॉटेलपासून तोंडाच्या दिशेला वाळूचा एक लांब दांडा आहे. ओहोटीला तो उघडा पडतो, भरतीला पुरा बुडतो. त्याच्या एका टोकाला कांदळाची दाट झुडपं, आणि मधल्या भागात जाळी बांधायला ठोकलेले खुंट. दहा पाहुण्यांना घेऊन आम्ही आठला दांड्यावर उतरलो. होडी अनंताची. अनंता माझा धाकटा दीर, हॉटेलची इंजिनाची होडी तोच चालवायचा. एका वेळी पाचसहा माणसं बसतात, म्हणून येतानाही दोन फेऱ्या आणि जातानाही.

त्या दहांत सातारकडचे एक चित्रकलेचे शिक्षक होते, निवृत्त झालेले. सगळे त्यांना सर म्हणत होते, मीही म्हणू लागले. बरोबर त्यांची मुलगी मेघना आणि चार वर्षांची नात. सर पंचाहत्तरीच्या आसपासचे, शिडशिडीत, डोक्यावर कानटोपी. उतरल्यावर मी नेहमीचं सांगणं सांगितलं. गाळात पाय रुतला तर ओढायचा नाही. कांदळाच्या मुळांवर चालायचं नाही, पाय कापतो. पलीकडचा काठ जवळ दिसतो पण तिकडे जायचं नाही, मध्ये खोल पाट आहे, पूर्वी वाळूच्या मोठ्या होड्या तिथूनच जायच्या. सर प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. मला वाटलं, केवढं लक्ष देऊन ऐकतायत. त्यांना कमी ऐकू येतं आणि कानाचं यंत्र वाळूपाण्याच्या भीतीने त्यांनी आधीच काढून ठेवलंय, हे मला नंतर कळलं.

नऊच्या सुमाराला नात थंडीने रडायला लागली. अनंताने पहिली फेरी भरली, जे तयार होते त्यांना घेतलं, मेघना आणि नात त्यात गेल्या. मी तेव्हा दांड्याच्या दुसऱ्या टोकाला होते. एका बाईंचा पाय गुडघ्यापर्यंत गाळात गेलेला आणि त्या ओरडत होत्या. त्यांना मागे बसवून, टाच आधी सोडवून पाय काढेपर्यंत माझ्या नाकी नऊ आले. पहिल्या फेरीत पाच गेले की सहा, मी पाहिलं नाही. पाहण्याची गरजही वाटली नाही. टोपल्या तर शेवटच्या फेरीतच न्यायच्या होत्या.

अनंता परत आला तेव्हा पाणी फिरलेलं होतं.

“वैनी, लवकर चला, आज पाण्याला जोर हाय.”

राहिलेल्या चार पाहुण्यांना मी होडीकडे पिटाळलं. रांगेकडे येताना वाटेत एका खुंटापाशी टोपली पडलेली दिसली. आत सातआठ खुबे, त्यावर रुमाल. जाता जाता उचलली. हात आपोआप गेला, जसा टॉवेलकडे जातो. रांगेत ठेवली आणि मोजलं. लाभ, दोन, तीन… दहा. होडी सोडली.

जेट्टीवर सगळ्यांना आल्याचा चहा दिला. मीही घेतला. मुंबईचं एक जोडपं आपले खुबे जास्त की यांचे यावर भांडत होतं आणि मी मध्यस्थी करत होते. अनंता अंगातला शर्ट खुंटीला अडकवून, होडी घेऊन पलीकडच्या गावातून गॅसचे सिलिंडर आणायला गेला. बागेत ऊन आलेलं. सगळं कसं छान चाललं होतं.

टोपल्या धुवायचं काम माझंच. सव्वादहाला नळाखाली बसले. सहावी की सातवी टोपली रिकामी करताना रुमाल हातात आला, आणि त्याच्या गाठीत काहीतरी टणक. सोडून बघितलं तर कानाचं यंत्र.

आधी काहीच कळलं नाही. वाटलं, विसरले बिचारे, नेऊन देऊ. उठलेसुद्धा. मग ती टोपली कुठे होती ते आठवलं. रांगेत नव्हती. मी आणली होती.

नळ तसाच वाहत होता. बागेत बघितलं, जेवणघरात बघितलं, खोल्यांच्या ओट्यावर बघितलं. सर कुठेच नव्हते. मेघना नातीला आंघोळ घालून बाहेर आली. ती पहिल्या फेरीत आलेली, तिला वाटत होतं बाबा दुसऱ्या फेरीत आले. दुसऱ्या फेरीतल्यांना वाटत होतं, ते मुलीबरोबर आधीच गेले. तिने मला सहज विचारलं, बाबा कुठे दिसले का?

“जेट्टीवर आहेत,” मी म्हटलं.

यंत्र माझ्या मुठीत होतं. का खोटं बोलले? नोकरीच्या भीतीने, हे एक. पण खरं कारण असं की ते शब्द तोंडाबाहेर काढले असते तर ते खरे झाले असते. तुमचे वडील मागे राहिले, हे मला कोणाच्याही तोंडून ऐकायचं नव्हतं, माझ्या तर नाहीच.

जेट्टीकडे धावत गेले आणि अनंताला फोन लावला. फोन वाजला तो माझ्या कानाजवळच, खुंटीवरच्या त्याच्या शर्टाच्या खिशात. दुसरी इंजिनाची होडी नव्हती. पाहुण्यांनी फोटो काढावेत म्हणून बांधून ठेवलेली एक लाकडी होडी होती, वल्ह्याची. मुठीतलं यंत्र अनंताच्या शर्टाच्या खिशात टाकलं आणि तीच सोडली.

दांडा तोंडाच्या दिशेला, आणि भरती तोंडाकडून आत येत होती. म्हणजे पूर्ण वाट पाण्याच्या उलट. अशा वेळी खाडीच्या मधून जायचं नसतं, माणूस वल्हवून वल्हवून जागच्या जागी राहतो. काठाने, कांदळाला चिकटून जायचं, तिथे ओढ कमी असते. मी तशीच गेले. फांद्या तोंडावर येत होत्या, पदर अडकून फाटला. लग्नाआधी माहेरी मी रोज वल्हवायचे, पण त्याला किती वर्षं झालेली. दंड भरून आले. वळणापलीकडे दांडा, तो दिसत नव्हता, आणि मनात नुसतं गणित. नऊला पाणी फिरलं. दोन तासांत दांडा बुडतो. उधाणाला त्याच्याही आधी. आता साडेदहा तर झालेच. वाडीतल्या देवीला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, त्यातलं फेडायचं अजून थोडं राहिलंय.

मनात सारखं एकच येत होतं, पलीकडचा काठ. दांड्यावर उभं राहिलं की तो खरंच जवळ वाटतो. पोहायला शिकणारं पोरही पार करील इतका जवळ. घाबरलेला माणूस तिकडेच निघणार. आणि तिकडे गेला की पाट.

वळण घेतलं तेव्हा दांडा नव्हता. नुसतं पाणी, तपकिरी, घाईत असलेलं, आणि त्यातून वर आलेले खुंट. मी मोठ्याने हाक मारली, आणि मारल्यावर लक्षात आलं, ज्याच्यासाठी मारतेय त्याला ती ऐकू जाणार नाही. एक एक खुंट बघत गेले. पाचवा की सहावा जाड दिसला. त्याला कानटोपी होती.

सर खुंटाला मिठी मारून कमरेभर पाण्यात उभे होते. मी त्यांच्याही पुढे, तोंडाच्या बाजूला होडी नेली आणि तिथून सोडली, म्हणजे पाण्याने आपोआप तिला त्यांच्यावर आणून टाकलं. त्यांना वर ओढताना होडी उलटते की काय असं झालं. ते थरथरत होते, ओठ निळे पडलेले, पण चेहरा शांत होता. मला हे अजून आठवतं. मी रडत होते आणि ते माझ्याकडे बघून हसत होते.

“ताई, टोपली नेलीत ना तुम्ही माझी?” ते म्हणाले. “मी जरा झाडीमागे गेलो होतो. या वयात लघवीला वेळ लागतो हो. आलो तर कोणीच नाही. खरं सांगतो, घाबरलो. त्या पलीकडच्या काठाकडे निघालोच होतो चालत. मग बघितलं तर टोपली जागेवर नाही. म्हटलं, टोपली नेली म्हणजे त्यांना ठाऊक आहे मी इथे आहे. सामान आधी नेलंय, आता मला न्यायला येतील. मग खुंट धरून उभा राहिलो.”

माझ्या हातातलं वल्हं थांबलं. पाणी होडीला घेऊन चाललं होतं, जाऊ दिलं. ज्या चुकीने हा माणूस मागे राहिला त्याच चुकीने तो जागेवर उभा राहिला. टोपली तिथेच असती तर ती हातात घेऊन ते पाटाकडे गेले असते, आणि मला खुंट नुसते खुंट दिसले असते.

मला ते पोटात ठेवता आलं नाही. मी बोलले. हुंदके देत देत सगळं सांगितलं, सर, मी चुकून उचलली, आमच्या लक्षातच नव्हतं, तुमच्या मुलीशी मी खोटं बोलले. सर माझ्या तोंडाकडे बघत होते. सगळं झाल्यावर त्यांनी कानाला हात लावला आणि मान हलवली.

“ऐकू नाही येत, ताई. यंत्र टोपलीत आहे. नंतर सांगा.”

आता पाणी आमच्या बाजूचं होतं, परतायला दहा मिनिटंही लागली नाहीत. जेट्टीवर मेघना उभी होती, मालक उभे होते, अनंता सिलिंडर घेऊन नुकताच पोचत होता. ओलेचिंब वडील बघून मेघनाच्या तोंडचं पाणी पळालं, आणि मग ती भडकली. माझ्यावर नाही. वडिलांवर. कुठे गेला होतात न सांगता, लहान आहात का, तुमच्यामुळे या बाईंना होडी घेऊन जावं लागलं. चारचौघांत बोलली. सर मान खाली घालून ऐकत होते. म्हणजे ऐकू येत नव्हतंच, पण मुलीचा चेहरा दिसत होता. मी पुढे झाले, खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातलं यंत्र काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते पुसून कानात घातलं आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, “चूक माझी आहे. ताईंनी सामान आधी नेलं आणि मग मला. त्यांचा काही दोष नाही.”

यंत्र कानात होतं. मी समोर उभी होते. सांगायला हाच क्षण होता. मी पदर पिळत राहिले. मालक माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी म्हटलं, चला सर, गरम पाणी काढते आंघोळीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. जाण्याआधी त्यांनी पाहुण्यांच्या वहीत चित्र काढलं. पाण्याच्या कडेला रांगेत दहा टोपल्या. पेन्सिलीच्या चार रेघांत असा हात की टोपलीचा वेतसुद्धा कळत होता. खाली लिहिलं, ‘येथे माणूस मागे राहत नाही.’ मालकांना ते इतकं आवडलं की त्यांनी पान कापून घेतलं, फ्रेम केलं आणि जेट्टीच्या दारावर लावलं. त्याखालून मी पुढची अकरा वर्षं रोज दोनदा जात होते. पाहुणे तिथे उभे राहून फोटो काढायचे आणि मला विचारायचे, या टोपल्यांची काय गोष्ट आहे? मी सांगायची, आमच्या वाडीची रीत आहे. ते खोटं नव्हतं.

रीत मात्र मी त्या दिवसापासून मोडली. दांड्यावर उतरताना आणि निघताना मी माणसं मोजायला लागले. नुसतं नजरेने नाही, खांद्याला हात लावून. वाडीत कळलं तेव्हा माझी चुलत सासू दारात येऊन म्हणाली, माणसं मोजतंस? गुरं हायत ती? मी म्हटलं, काकी, गुरं संध्याकाळी आपली आपण घरी येतात. ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही. अनंतालाही मोजायला लावलं. तो लाजायचा, पाहुण्या बायकांच्या खांद्याला हात कसा लावू म्हणायचा. मग त्याने आपली युक्ती काढली, प्रत्येकाकडून टाळी घ्यायचा. पोरांना तीच सगळ्यात मोठी मजा वाटायची. सुरुवात मी अजूनही लाभ म्हणूनच करायची. तेवढं सासूचं राहू दिलं.

त्यानंतर माझ्या हातून कोणी मागे राहिलं नाही. पण धास्ती काही गेली नाही. दहा मोजून झाले तरी होडी सोडताना मी मागे बघायची, खुंटांकडे. अजून बघते. निवृत्त होऊन वर्ष झालं, आता मी कोणाला नेत नाही, तरी उधाणाच्या दिवशी सकाळी अंगणात उभी राहून तिथीची पाऊणपट करते.

सर दर दिवाळीला हॉटेलच्या पत्त्यावर मला पोस्टकार्ड पाठवायचे. त्यावर चित्र, कधी होडी, कधी कांदळ, एकदा माझंच, वल्हं धरलेलं, होते त्यापेक्षा बरंच बारीक. खाली एक ओळ, ‘टोपली नेणाऱ्या ताईंना नमस्कार.’ मी उत्तर लिहायला बसायची, चार ओळी लिहायची, फाडायची. शेवटी ‘सगळे खुशाल’ एवढं लिहून पाठवायची. मनाशी म्हणायची, आपण सांगितलं होतं, होडीत, सगळं, रडून सांगितलं होतं. त्यांना ऐकू आलं नाही यात आपला काय दोष? माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की कसला वकील होतो बघा.

गेली दोन वर्षं कार्ड आलेलं नाही. मेघनाचा नंबर हॉटेलच्या जुन्या वहीत आहे. मालकांनी काढून दिलाय, माझ्या मोबाईलमध्ये आहे. अजून लावलेला नाही. निरोपाच्या दिवशी मालकांनी ती फ्रेम काढून मला भेट दिली. घरी आणली, कपाटात कपड्यांखाली ठेवली. सून विचारते, आई, एवढं सुंदर चित्र, लावत का नाही?

या अंकाची एक प्रत सातारच्या पत्त्यावर पाठवायला मी सांगितलंय. कोणाच्या हातात पडेल माहीत नाही. मेघनाच्या पडली तर तिने वडिलांवर रागावल्याबद्दल वाईट वाटून घेऊ नये, तो राग माझ्या वाट्याचा होता. आणि सरांच्या पडली तर, सर, तुम्ही म्हणाला होतात, नंतर सांगा. ते आज सांगते. तुमची टोपली मी चुकून उचलली होती. तुम्ही खुंट धरून आमची वाट बघत होतात, तेव्हा तुम्हाला आणायला कोणीही निघालेलं नव्हतं. आम्ही चहा पीत होतो.